बाणूबाईनं लावून दिलेली पोर

खटकचिंचोळीच्या शिवारात कुणाची मेंढी कोकराला जवळ करीनाशी झाली की माणूस बाणूबाईला बोलवायला यायचा. मेंढीचं स्वतःचं कोकरू मेलेलं असायचं आणि दुसरं एखादं आईविना ओरडत असायचं. दोघांना एका खुंट्याला बांधलं म्हणजे भागत नाही. मेंढी वास घेते आणि परक्याला ढुशी मारून लांब फेकते. बाणूबाई मेलेल्या कोकराचं कातडं अंग गार व्हायच्या आत सोडवायची. पायांसाठी भोकं ठेवायची, शेपटीचा भाग शाबूत राखायची, कारण मेंढी हुंगते ती तिथंच. ते कातडं पोरक्या कोकराच्या अंगावर अंगरख्यासारखं चढवायची आणि त्याला मेंढीपुढं सोडायची. मेंढी हुंगायची, थांबायची, परत हुंगायची. मग पान्हा सोडायची.

बघणाऱ्यांना वाटायचं, झालं काम. बाणूबाईचं काम तिथून सुरू व्हायचं. ती त्या जोडीपाशी घोंगडं टाकून बसायची आणि उठायची नाही. दोन-तीन दिवसांत मेंढीचं दूध कोकराच्या पोटातून जातं, कोकराच्या अंगाला तिचाच वास लागतो. तेव्हा कातडं उतरवायचं. आधी उतरवलं तर मेंढी लाथाडते. उशीर केला तर कातडं सडतं आणि खालच्या जिवंत अंगात किडे पडतात. ती वेळ नाकानं ओळखायची असते. जवळ बसून राहिल्याशिवाय ती कळत नाही.

बाणूबाई धनगराची. नवरा पिराप्पा मेंढरं घेऊन मांजरेच्या काठानं गेला आणि तिकडंच तापानं गेला. पोटची दोन पोरं त्याच्या आधीच गेली होती. त्याबद्दल ती बोलायची नाही. दिराच्या मेंढरांत तिची थोडी मेंढरं आणि वेगळ्या शेळ्या होत्या. त्यांच्यामागं ती फिरायची. अंगानं काटक, बोलायला तुटक.

१९२१च्या उन्हाळ्यात दुष्काळाच्या पाठोपाठ पटकीची साथ आली. गावोगाव माणसं उलट्या-जुलाबानं पटापट मेली. मोठी माणसं मेली आणि लहान उरली, असं पुष्कळ घरांत झालं. बिदरच्या काही वकील-व्यापाऱ्यांनी मिळून एक मंडळ काढलं आणि शहराबाहेर नौबादला कापसाच्या एका रिकाम्या गोदामात पोरक्या मुलांची छावणी उघडली. तिथली व्यवस्था सोमशेखर नावाच्या तरुण मास्तराकडं होती. तान्ह्या मुलांना दूध मिळेना. गाई-म्हशी आटल्या होत्या. बाणूबाईच्या शेळ्या काटे-कुटे खाऊन अजून दूध देतात, असं त्याच्या कानावर गेलं. तो स्वतः चालत चिंचोळीला आला.

"बाणूबाई, तुम्ही शेळ्या घेऊन या. मुलं मरतायत."

"पाला हाय का तितं?"

"शोधावा लागेल."

"मग मास्तर, आधी पाला शोधा. मुलं शेळीवर जगतील, शेळी काय वाऱ्यावर जगंल?"

तरी ती गेली. शेळ्या हाकत, वाटेत मुक्काम करत नौबादला पोचली.

शेळीला तान्हं लावणं सोपं नसतं. शेळी उभी करायची, तिचा मागचा पाय आपल्या गुडघ्यांत धरायचा, पोराचं डोकं डाव्या तळहातावर, सड तोंडात. पोर दमलं की थांबायचं, कारण दमलेलं पोर दूध श्वासात ओढतं. एक पोर झालं की दुसरं. पाठ मोडून यायची. मग पाल्याला जायचं. बाभळी ओरबाडून संपल्या तेव्हा ती पार लांबच्या ओढ्यापर्यंत जाऊन बोरीचे फाटे डोक्यावर आणायची. कपाळावर काट्यांचे ओरखडे कायम असायचे. तिच्या शेळ्यांवर काही पोरं जगली. काही नाही जगली.

छावणीचा आचारी वीरण्णा तोंडाचा फटकळ होता. तो म्हणायचा, "अक्का, तुज्या शेळ्यांना मंडळाचं मेंबर करायचं म्हनायलेत बिदरवाले."

"करू दे की. त्या तरी येळेवर येतात."

सोमशेखर कधी वर्तमानपत्र घेऊन बसायचा. एकदा त्यानं सांगितलं की युरोपात मोठ्या लढाईनंतर अशीच मुलं रस्त्यावर आली आहेत आणि देशोदेशीचे लोक त्यांच्यासाठी वर्गण्या काढून दूध धाडतात.

"गोऱ्यांची पोरं बी उपाशी मरतात व्हय?" बाणूबाईनं विचारलं.

"मरतात."

"बगा की," ती म्हणाली आणि पुढचं पोर उचललं.

सोमशेखरचा एक नियम होता. वर्ष उलटल्याशिवाय कुठलंही मूल कुणाला द्यायचं नाही. कुणाचा बाप कमवायला लांब गेलेला असतो, कुणाचा मामा असतो. तो आला आणि मूल नसलं तर काय सांगायचं? नियम चांगला होता आणि त्याची गरजही होती, कारण छावणी उघडल्यापासून माणसं मुलं न्यायला यायला लागली होती. एक जण आला, म्हणाला, "गुरं राखण्याजोगं द्या. लई खाणारं नको." सोमशेखर म्हणाला, "इथं बैल मिळत नाहीत," आणि त्याला फाटकाबाहेर घातलं.

त्याच दिवसांत एका गाडीवाल्यानं चार वर्षांची एक पोर आणून सोडली. आई पटकीत गेलेली. गाडीवाला म्हणाला, "हिचं नाव नागू. श्रीपतची लेक. बाप शहाबादच्या फरशीच्या खाणीत कामाला गेलाय, अजून परतला न्हाई." सोमशेखरनं शहाबादकडं जाणाऱ्या एका माणसाबरोबर निरोप धाडला. उत्तर आलं नाही.

नागू खाईना. कण्या तोंडात घातल्या तर गालात तशाच धरून ठेवायची. शेळीला लावायला वय मोठं, चमच्यानं पाजावं तर दात मिटून घ्यायची. रडायचीही नाही. भिंतीकडं तोंड करून पडायची. बाणूबाईनं तिला मांडीवर घेतलं, पाठीवर घेतलं, करडू खेळायला दिलं. पोरीचे हात-पाय वाळत चालले आणि पोट तेवढं पुढं आलं. बाणूबाईनं अशी कोकरं पाहिली होती. त्यांना दुखणं काही नसतं, फक्त आई नसते. ती मान टाकतात आणि मग पाजूनही उपयोग होत नाही.

एका दुपारी चिंचोळीचे उद्धवराव छावणीला ज्वारीचं पोतं द्यायला बैलगाडी घेऊन आले. चांगले खाते-पिते शेतकरी. गाडीत त्यांची बायको सुमनबाई मांडीवर बोचकं घेऊन बसली होती. ती उतरेना. ऊन तोंडावर आलं तरी पदर ओढेना.

"वैनी, सावलीला या की," बाणूबाई म्हणाली.

"न्हाई यायची ती," उद्धवराव म्हणाले. "वच्छी गेल्यापासून असंच हाय. एकलीच लेक. खात न्हाई, बोलत न्हाई. त्या बोचक्यात तिची कापडं हायेत. हात लावू देत न्हाई. गाडी जुपली की येऊन बसते, वच्छीला हुडकायला जायलाय समजून."

"केवढी होती वच्छी?"

"चार सरून पाचवं लागलं होतं."

बाणूबाईनं गाडीतल्या बाईकडं पाहिलं आणि गोदामाच्या दाराकडं पाहिलं. तिला विचार करावा लागला नाही. हात जे जन्मभर करत आले, तेच तिला सुचलं. सोमशेखर औषधं आणायला बिदर शहरात गेला होता.

ती चाकाला धरून उभी राहिली. "वैनी, कापडं द्या."

सुमनबाईनं बोचकं छातीशी धरलं. "धुवायची न्हाईत."

"न्हाई धुवत. वास जातो. मला ठावं हाय."

सुमनबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. मग बोचकं दिलं.

बाणूबाईनं नागूला शेळ्यांच्या आडोशाला नेलं. अंगावरचा छावणीचा फाटका सदरा काढला. वच्छीचं पोलकं घातलं, परकर लांब होता तो दुमडून कमरेला खोचला. वीरण्णा पळी घेऊनच बाहेर आला.

"अक्का, काय करायलीस? मास्तर येऊ दे की!"

"मास्तर येईस्तोवर ही न्हाई राहायची."

"हिला बाप हाय."

"बापाला मढं देऊ का?"

तिनं नागूला उचलून सुमनबाईच्या मांडीवर ठेवलं. सुमनबाईनं आधी हात मागं घेतले. पोर कलंडली, तसा एक हात आपोआप पुढं आला. तिनं पोलक्याच्या खांद्याशी नाक नेलं. थांबली. परत नेलं. मग दोन्ही हातांनी पोरीला आवळून ती म्हणाली, "कुठं गेल्तीस गं? कुठं गेल्तीस?" आणि नागू रडायला लागली. छावणीत आल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडातून आवाज निघाला. बाणूबाईनं दुधात भाकरी कुस्करून आणली. सुमनबाईच्या बोटांनी पोरीनं ती खाल्ली, आणि गिळली.

उद्धवराव बैलांकडं तोंड करून डोळे पुसत होते.

"अण्णा, हिकडं ऐका," बाणूबाईनं त्यांना बाजूला घेतलं. "दोन-तीन दिस ही कापडं राहू द्या. मग काढा. नवी घाला. आणि वैनीला सांगा, ही नागू हाय. नागू म्हनूनच हाक मारा. बाप हाय तिला. आला तर द्यावी लागंल."

"व्हय, व्हय. हिनं चार घास खाऊ दे, मग सगळं सांगतो."

गाडी गेली. मेंढी असती तर बाणूबाई गाडीमागं चालत गेली असती आणि त्या घराच्या ओसरीवर बसून राहिली असती. पण आत तान्ही ओरडत होती. दूध काढायची वेळ झाली होती. ती शेळ्यांकडं वळली.

सोमशेखर संध्याकाळी आला. ऐकून तो तडक शेळ्यांकडं आला.

"कुणाला विचारून दिलीत?"

"कुणाला न्हाई."

"तिचा बाप जिवंत असला तर?"

"तवर पोरगी जिवंत राहायला नगं का, मास्तर?"

तो म्हणाला, "मी उद्याच जाऊन आणतो तिला." पण उद्या गोदामात आणखी मुलं येऊन पडली, परवा दोन गेली, आणि तो गेला नाही. जाऊन आणली असती तर ती जगली असती का, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

पाऊस झाला, साथ हटली, दिवाळीनंतर मंडळानं छावणी बंद केली. उरलेली मुलं हैदराबादच्या एका आश्रमाकडं धाडली. सोमशेखरला औरादकडं शाळा मिळाली. बाणूबाई शेळ्या घेऊन चिंचोळीला परतली आणि पहिल्यांदा उद्धवरावांच्या घरी गेली.

पोरीच्या गालावर मांस चढलं होतं. पायांत चांदीचे वाळे होते. अंगावर त्याच रंगाचं, त्याच काठाचं नवं परकर-पोलकं होतं. मापानं मोठं करून मुद्दाम तसंच शिवून घेतलेलं. बाणूबाईनं हाक मारली, "नागू." पोरीनं मान वळवली नाही. आतून सुमनबाई म्हणाली, "वच्छे, शेवग्याखाली जाऊ नगं, सुरवंट पडायलेत," आणि पोर लगेच मागं फिरली.

"अण्णा, सांगितलं न्हाई व्हय तुमी?"

उद्धवरावांनी खालच्या आवाजात हात जोडले. "अक्का, घरात चूल पेटायलीय. बायको शानी झालीय. आता कामून खपली काढायची? तिचा बाप काय येतोय, न्हाई येतोय."

बाणूबाईला त्यांनी दही-भाकरी वाढली. तिनं खाल्ली. पोर गुबगुबीत दिसत होती. तेवढ्यावर समाधान मानून ती घरी गेली.

श्रीपत दोन वर्षांनी आला. त्याच्या नावापुढं कुणी राव लावत नव्हतं. खाणीत त्याच्या पायावर फरशी पडली होती. बरेच महिने पडून होता, पाय वाकडा जुळला. बायको गेल्याचं त्याला उशिरा कळलं आणि लेकही गेली असंच सांगितलं गेलं. छावणीचा निरोप त्याला मिळाला तो मंडळ मोडल्यावर. नौबादला गोदामात परत कापूस भरलेला होता. तिथून विचारत विचारत तो बाणूबाईच्या मेंढवाड्याशी येऊन उभा राहिला.

"लेकीला न्यायला आलोय, अक्का."

बाणूबाईनं त्याला पाणी दिलं. मग सगळं सांगितलं, काही न लपवता. तो ऐकत राहिला. "जिती हाय न्हव?" एवढंच त्यानं विचारलं, दोनदा.

उद्धवरावांच्या दारात सुमनबाईनं पोरीला पाठीमागं घेतलं. "वच्छी माझी हाय. ह्यो कोण लंगडा? उद्या कुणीबी येईल आन् लेक दे म्हनंल?"

तंटा गुरप्पा पाटलाकडं गेला. मारुतीच्या पारावर गाव जमलं. पाटलानं पान जुळवलं, दोघांचं ऐकलं, आणि बाणूबाईला विचारलं, "धनगराच्या वाड्यात कोकरू कुणाचं असा तंटा लागला तर काय करता गं तुमी?"

"सोडून देतो. ज्या मेंढीखाली जाईल तिचं."

"मग झालं की."

"न्हाई झालं, पाटील. लावलेल्या कोकराला ते चालत न्हाई. ते लावलेल्याच मेंढीखाली जाणार. ही पोर मी लावलीय, माज्या हातानं. हिचं नाव नागू, ह्यो हिचा बाप. मी सांगायलेय न्हव?"

पारावर हसू फुटलं. एक जण म्हणाला, "बाई, ही माणसाची पोर हाय, मेंढराची न्हाई."

"मग मेंढरावानी सोडायची कामून?"

हसणं थांबलं, पण पाटील थांबला नाही. उद्धवराव त्याच्या शेजारी बसलेले होते, श्रीपत खाली मातीत उकिडवा. उद्धवराव म्हणाले, "तूच दिलीस, आता तूच मागायलीस. तुजं एक कायतरी ठरव."

पोरीला मधे उभं केलं. श्रीपतनं कमरेच्या फडक्यातून सागरगोटे काढले. खाणीत पडल्या पडल्या फरशीचे तुकडे घासून त्यानं ते केले होते, अंगठ्याएवढे, गुळगुळीत. ते त्यानं मातीत मांडले. "नागू, बग," तो म्हणाला. पोर पुढं आली. गोटे एकेक करून उचलले, ओच्यात घेतले आणि पळत जाऊन सुमनबाईला बिलगली.

"झालं," पाटील म्हणाला.

सुमनबाईनं गोटे पोरीच्या ओच्यातून काढून पाराखाली टाकून दिले.

श्रीपतला उठायला वेळ लागला. बाणूबाईनं हात दिला. "खायला मिळतंय तिला, न्हव?" त्यानं विचारलं.

"मिळतंय."

"मग राहू द्या. मी कुठं ठेवणार खाणीत?" थोडं चालल्यावर तो म्हणाला, "तुमी वाचवली म्हनून बघायला तरी मिळाली." त्यानं शिवी दिली असती तर बाणूबाईला सोसली असती. तो शहाबादच्या वाटेला लागला. ती वेशीपर्यंत गेली आणि तिथून पुढं तिला चालवेना.

त्यानंतर दोन वर्षांनी सुमनबाईला मुलगा झाला. गावानं म्हटलं, पोरीचा पायगुण. आणखी दोन वर्षांनी मुलगी झाली. बारशाला बायका जमल्या. पाळण्यात नाव घालायची वेळ आली तेव्हा सुमनबाई म्हणाली, "वच्छला."

कुंची धरलेली बाई थांबली. "आन् मग ही थोरली?"

थोरली दारात उभी होती, घुगऱ्यांचं ताट घेऊन. दहा वर्षांची. सुमनबाईनं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. ओळखही नव्हती. "तिला ठेवू कायतरी," ती म्हणाली आणि पाळण्याची दोरी ओढली.

ते काहीतरी नाव ठेवायचं राहूनच गेलं. घरात तिला पोरी म्हणायला लागले. गावातली पोरं छावणी म्हणायला लागली. ए छावणी, पाणी आण. ए छावणी, शेण काढ. वाळे आधी धाकटीसाठी म्हणून काढून ठेवले. शाळा गावात नव्हतीच, पण धाकट्या भावाला शिकवायला पंतोजी यायचा, तेव्हा ती ओसरी सारवत असायची. जेवायला सगळ्यांच्या मागून. मारहाण नव्हती. उद्धवराव ते अभिमानानं सांगायचे.

ती कामाला खंबीर निघाली. विहिरीवरून दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन यायची, थेंब सांडायचा नाही. बाणूबाई वाटेवर भेटली तर ओळख द्यायची नाही. बाणूबाईनं दोनदा हाक मारली, "नागू." दुसऱ्या वेळी ती थांबली. "मला कामून ह्या नावानं हाक मारायलीस? कोण हाय नागू?" बाणूबाईनं सांगितलं. पोरीनं डोक्यावरच्या घागरी न उतरवता सगळं ऐकलं, आणि निघून गेली.

लग्नाचं वय उलटायला आलं. पाहुणे यायचे, पोर बघायचे, तिचं काम वाखाणायचे आणि मग विचारायचे, लेक कुणाची? गाव सांगायचं, छावणीची. पाहुणे परत यायचे नाहीत. शेवटी एका सकाळी उद्धवराव तिला घेऊन बाणूबाईच्या मेंढवाड्यावर आले. पोरीच्या हातात गाठोडं होतं.

"अक्का, तू दिलीस, तूच सांभाळ. नायतर तिच्या बापाकडं पोचव. उद्या आमच्या धाकटीच्या सोयरिकीला आडवी येईल."

"बाप मागायला आला तवा?"

"तवाचं तवा."

"पारावर काय ठरलं होतं, अण्णा? पोर सुमनवैनीखाली गेली, तिचीच झाली, व्हय न्हव?"

"अक्का, उगं तोंड वाढवू नगं. सुमनला हे ठावं न्हाई. तिला रडवायचं न्हाई मला." खरं म्हणजे सुमनबाईनंच गाठोडं बांधून दिलं होतं. ते पोरीनं नंतर सांगितलं.

बाणूबाईनं शेळ्या दिराकडं सोडल्या. दोघी हुमनाबादवरून गुलबर्ग्याला आणि तिथून शहाबादला गेल्या, बहुतेक पायी, कुणी बसू दिलं तर गाडीवर. बाणूबाईचे गुडघे सुजले. पोरगी तिच्यासाठी थांबायची, पण हात द्यायची नाही. वाटेत ती फार बोलली नाही. एकदा विचारलं, "माझं तोंड त्याच्यावानी हाय?" बाणूबाई म्हणाली, "कपाळ हाय." त्यानंतर ती सारखा पदर मागं सारून चालायला लागली.

एकदा बाणूबाई म्हणाली, "पोरी, तुला मी मरताना उचलली होती."

"ठावं हाय. तू सारखी सांगायलीस." मग थोडं चालून, "तवा मला काय कळत होतं? मी कुठं म्हनले वाचीव?"

शहाबादला खाणीच्या कडेनं फरशीच्याच तुकड्यांनी रचलेल्या खोपट्यांची रांग होती. सगळीकडं पांढरी धूळ, झाडांच्या पानांवर, माणसांच्या भुवयांवर. छिन्नीचे आवाज चालू होते. श्रीपतचं खोपटं विचारत त्या गेल्या. त्याच्या दारात दुसरंच कुटुंब राहत होतं. शेजारची राजूबाई, तिथलीच फरशी उचलणारी मजूर बाई, डोक्याची चुंबळ हातात घेऊन बाहेर आली.

"श्रीपतअण्णा? तेनी गेले की. औंदाच्या उन्हाळ्यात. खोकला लई वाढला होता. हितं सगळ्यांचं तसंच होतंय." तिनं दोघींना सावलीला बसवलं आणि पाणी आणलं. "सरळ माणूस. लंगडत्या पायानं बी दोन माणसांचं काम करायचे. पुन्हा लगीन केलं न्हाई. लेकीचं तेवढं लई सांगायचे."

"काय सांगायचे?" बाणूबाईनं विचारलं.

"लेक तिकडं चिंचोळीला मोठ्या घरात हाय म्हनायचे. पायात चांदीचे वाळे, दारात बैलजोडी. कुणी म्हनलं, मग बघायला जात कामून न्हाई, तर म्हनायचे, मी असा धुळीचा माणूस, तिच्या दारात जाऊन तिला खाली कामून बघायला लावू?" राजूबाईनं दोघींकडं निरखून बघितलं. पोरीचं लुगडं गुडघ्याशी फाटलेलं होतं, टाचा उकलल्या होत्या. "तुमी कोण त्यांच्या?"

बाणूबाईनं तोंड उघडलं.

"कुणी न्हाई," पोरगी म्हणाली. "गावच्या हाव."

"आसं व्हय. मग तुमाला ठावं आसंल. खरंच हाय का वं तशी लेक, का माणूस उगं मनाला सांगायचा? आमी मागून हसायचो त्यांना."

"हसायचं न्हाई. खरं हाय," ती म्हणाली. "मी त्याच घरात कामाला होते."

उरलेलं पाणी तिनं पिऊन टाकलं, तांब्या पालथा करून ओट्यावर ठेवला आणि गाठोडं उचललं. बाणूबाई अजून बसलेली होती. पोरगी थोडी पुढं जाऊन थांबली, मागं न बघता.